शिरोड्याच्या खडे मिठातून आरपार स्फटिक, आणि त्याच्या आतली रचना लाकडात: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

नववी-दहावीच्या प्रयोगशाळेसाठी दोन गोष्टी करायच्या आहेत. पहिली, मिठाचे आरपार दिसणारे स्वच्छ घन, म्हणजे चौकोनी ठोकळ्यासारखे स्फटिक. तेही मूठभर, कारण त्यांतले बरेचसे फोडायचे, जोखायचे आणि त्यांना वीज लावून बघायची आहे. दुसरी, त्या घनाच्या आत सोडियम आणि क्लोराइडचे आयन (विद्युतभार असलेले अणू) कसे बसलेत ते दाखवणारं लाकडी प्रतिरूप. बाजारात मिळणारी काड्यांची प्रतिरूपं मुद्दाम टाळतोय. त्यांत एक सोडियम आणि एक क्लोरीन काडीने जोडलेले दिसतात आणि मुलं मिठाचा ‘रेणू’ शोधत बसतात. मिठात तसा रेणू नाहीच.

तुरटीचा स्फटिक करणं सोपं, म्हणून बहुतेक शाळा तोच करतात. पण तुरटीत पोटॅशियम, अ‍ॅल्युमिनियम, सल्फेट आणि वर १२ पाण्याचे रेणू अशी सगळी गर्दी असते. आयनिक रचना शिकवायला मीठच बरं. दोनच आयन, दोन्ही गोल, एकाआड एक.

१० नोव्हेंबर

मीठ कुठलं घ्यायचं हे आधी ठरवावं लागतं. पॅकेटचं बारीक मीठ घेऊ नका. पिशवीवर ५३६ क्रमांक असेल तर त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड असतं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते अगदी चिमटीच्या अंशाएवढं घालतात, पण तेवढंही घनाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याची वाढ बिघडवतं. सपाट बाजूंऐवजी फांद्या फुटतात, नेच्याच्या पानासारख्या. ५५१ असेल तर ती सिलिका. ती विरघळत नाही आणि द्रावण दुधी करते.

म्हणून सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागराचं जाडं खडे मीठ घेतलं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे गावाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या कामाला त्यातला उपयोगी मुद्दा एवढाच की हे मीठ उन्हात सुकवलेलं आहे, त्यात काही मिसळलेलं नाही. गेल्या हंगामातलं जुनं मीठ मागा. राशीत पडून राहिलेल्या मिठातलं कडू पाणी (मॅग्नेशियमच्या क्षारांचं) बरंचसं निथळून गेलेलं असतं. ५ किलोला ७० रुपये पडले, एक किलोच पुरेल.

मिठात मातीपेक्षा वाईट असतं ते मॅग्नेशियम. समुद्राचं पाणी आटताना आधी चुनखडी बसते. पाणी पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि दहाव्या हिश्शाच्या आसपास मीठ. तेव्हा बोमे काट्यावर (द्रावण किती दाट आहे ते दाखवणाऱ्या) २५ च्या वर अंश दिसतात. २९-३० च्या पुढे जाऊ दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार मिठाबरोबर यायला लागतात. म्हणून मिठागरात त्याआधीच उरलेलं पाणी सोडून देतात. तरी खड्यांच्या फटींत थोडं राहतंच.

११ ते १४ नोव्हेंबर: शुद्धीकरण

एक किलो मीठ थेट पाण्याने धुतलं तर निम्मं वाहून जातं. ते मिठाच्याच संपृक्त द्रावणाने धुवायचं. त्यात मीठ आणखी विरघळू शकत नाही, पण खड्यांवरचं मॅग्नेशियम क्लोराइड निघून जातं. किलोला ३०० मिली द्रावण, दोन हिश्श्यांत.

मग लिटरभर गरम पाण्यात ३६० ग्रॅम या मापाने विरघळवलं, दोन लिटर केलं. रात्रभर ठेवून वरचं निवळ पाणी दुहेरी मलमलीतून गाळलं. त्यात लिटरमागे ३ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट घातलं. दुकानातला खड्यांचा धुण्याचा सोडा असेल तर ८ ग्रॅम लागेल, कारण त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. याने कॅल्शियम खाली बसतं. नंतर लिटरमागे ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा, आधी थोड्या पाण्यात विरघळवून. याने मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा लिबलिबीत साका पडतो. कॉस्टिकला हातमोजे आणि चष्मा हवाच.

वेळ गेला तो इथे. हा साका लगेच गाळायला गेलं की गाळणकागद पाच मिनिटांत बुजतो. कितीही कागद बदला, थेंबथेंबच येतं. उपाय साधा आहे: उंच बरणीत पूर्ण एक रात्र स्थिर ठेवायचं, सकाळी वरचं तीन चतुर्थांश पाणी रबरी नळीने खेचून घ्यायचं आणि तेवढंच गाळायचं. खालचा गाळ टाकून द्या, त्यातलं मीठ वाचवण्यात अर्थ नाही. शेवटी लिटमस उदासीन दाखवेपर्यंत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने. झालं की नाही याची खूण अशी: परीक्षानळीत थोडं द्रावण घेऊन कॉस्टिकचा थेंब टाका. ढग दिसला नाही तर पुढे चला.

सल्फेट अजून आत आहेच. ते बेरियमने काढता येतं, पण बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी आहेत, शाळेत आणू नयेत. त्याऐवजी द्रावण उकळत आटवलं, दोन तृतीयांश मीठ बाहेर आलं की थांबलो आणि उरलेलं पाणी फेकलं. नको असलेलं बहुतेक सगळं त्या पाण्यात राहतं. हे मीठ पुन्हा ३६० ग्रॅमच्या मापाने विरघळवून, गाळून ठेवलं.

१६ नोव्हेंबर

थंड करून स्फटिक काढायचा नाद सोडा. १०० मिली पाण्यात २५ अंशांना ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात ३९. फरक ३ ग्रॅमचा. तुरटीची, साखरेची युक्ती इथे चालत नाही. पाणी उडायलाच हवं, आणि कोकणात अडतं ते तिथेच.

रुंद काचेच्या ताटल्यांत सेंटिमीटरभर द्रावण ओतून बी-स्फटिकांसाठी, म्हणजे ज्यांच्यावर मोठे घन वाढवायचे त्या छोट्या स्फटिकांसाठी, खिडकीत ठेवलं.

२० नोव्हेंबर

ताटल्यांत दोन प्रकार आले. खिडकीजवळच्या, वारा लागणाऱ्या ताटलीत पृष्ठभागावर तरंगणारे पोकळ चौकोनी पिरॅमिड आले, उलटे. पाणी वरून भरभर उडालं की घनाच्या कडांना माल आधी मिळतो, मधल्या भागाला मिळत नाही. कडा पुढे धावतात आणि मध्ये खड्डा राहतो. दाखवायला झकास, बी म्हणून बाद. आतल्या खोलीतल्या, वर कागद झाकलेल्या ताटलीच्या तळाशी २ ते ३ मिलिमीटरचे स्वच्छ घन मिळाले. भिंगातून बघून, आत पांढरा ठिपका नसलेले आणि एकेकटे असलेले तेवढेच उचलले. चिमटा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्या. लोखंडी चिमट्याचा गंज द्रावणात उतरतो.

ताटल्यांच्या कडांवरून मीठ चढून बाहेर टेबलावर आलं. काठाला आतून बोटभर रुंद व्हॅसलिनचा पट्टा लावला की थांबतं. खोबरेल तेल पुरत नाही, दोन दिवसांत ओघळून द्रावणावर तवंग येतो.

२४ नोव्हेंबर

बी-स्फटिक सपाट तळाच्या बीकरमध्ये, १५० मिली द्रावणात तळाशीच ठेवले. दोऱ्याला बांधायचं नाही. दोऱ्याच्या प्रत्येक तंतूवर वेगळा घन उगवतो आणि शेवटी खडीसाखर हाती येते. तळाशी ठेवलेल्या घनाची खालची बाजू वाढत नाही, म्हणून रोज एकदा त्याला वेगळ्या अंगावर लोळवायचं.

इथपर्यंत सगळं नीट. नंतर सकाळी पाहिलं तर घनांचे कोपरे गोल झालेले. संध्याकाळी पुन्हा थोडे टोकदार. दुसऱ्या सकाळी परत गोल.

२६ नोव्हेंबर: आर्द्रता

३५० रुपयांचा आर्द्रतामापक आणला. पहाटे ८८ टक्के, दुपारी तीनला ५८. यातच सगळं आलं. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेला स्थिर होते. बाहेरची हवा त्याहून कोरडी असेल तर द्रावणातलं पाणी उडतं. ओली असेल तर द्रावण उलट हवेतलं पाणी पितं, पातळ होतं आणि स्फटिक खायला लागतं. किनाऱ्यावर रात्र म्हणजे ७५ च्या वरच. दिवसा वाढलेलं रात्री जातं. देशावरच्या शाळांनी लिहिलेल्या कृती इथे फसतात त्या याच कारणाने.

न धुतलेलं मीठ याहून वाईट. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं आणि इथली हवा तेवढी कोरडी जवळपास कधीच नसते. ‘मिठाक पाणी सुटला’ असं घरात जे म्हणतात त्यात मिठाचा दोष कमी, मॅग्नेशियमचा जास्त.

स्वस्तातला मापक किती खोटं बोलतो तेही मिठानेच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर शुद्ध मीठ, भिजेल इतकंच पाणी, आणि ते झाकण व मापक घट्ट बंद डब्यात ८ तास. काटा ७५ दाखवायला हवा. आमचा ७१ दाखवतो, म्हणून इथून पुढच्या आकड्यांत ४ मिळवलेले आहेत. वरचे दोन आकडेही दुरुस्त केलेलेच आहेत.

२८ नोव्हेंबर: खोका

मासळीच्या बाजारातून थर्माकोलचा खोका आणला, धुऊन उन्हात दोनदा वाळवला. आत १५ वॉटचा जुना तारेचा दिवा. एलईडी उपयोगाचा नाही, तो पुरेसा तापत नाही. दिव्याभोवती पत्र्याचा आडोसा आणि थर्माकोलपासून वीतभर अंतर ठेवा, नाहीतर खोका वितळतो. दिवा, होल्डर, वायर मिळून १२० रुपये.

हवा गरम केली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं पण आर्द्रतेचा टक्का उतरतो. २८ अंशांची ८० टक्क्यांची हवा ३५ अंशांवर नेली की ५४ टक्के होते. एवढं पुरेसं आहे. मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नसल्यामुळे अधूनमधून दिवा बंद झाला तरी त्या फरकाने स्फटिक विरघळत नाही. तुरटी असती तर याच खोक्यात दर वेळी मार खाल्ला असता.

पहिल्या रात्री मात्र खोका बंद ठेवल्यावर मापक चढत चढत ७५ वर जाऊन तिथेच थांबला आणि वाढही थांबली. द्रावणातून उडालेलं पाणी बाहेर जायला वाट नव्हती. खाली दोन आणि झाकणाला दोन, पेन्सिलीएवढी भोकं पाडली. त्यानंतर ५० ते ५६ च्या दरम्यान राहतंय.

५ डिसेंबर

आता उलट तक्रार. वाढ फार जोरात, दिवसाला मिलिमीटरच्या वर, आणि नवीन थर दुधी. भिंगाखाली त्या दुधाळ भागात चौकोनी बारीक कप्पे दिसतात. कडा पुढे धावल्या, मधला खड्डा झाकला गेला आणि द्रावण आतच कोंडलं. असे घन पुढे तापवले की तडतडून फुटतात, तव्यावर खडे मीठ तडतडतं तेही यानेच.

बीकरवर गाळणकागद बांधून त्याला टाचणीने पाच-सहा भोकं पाडली. दिवसाला अर्ध्या मिलिमीटरच्या आत आलं की नवीन थर स्वच्छ येतो. पाव मिलिमीटर असेल तर उत्तम. दुधी झालेले घन फेकले नाहीत,  ते घनतेच्या प्रयोगात ‘वाईट नमुना’ म्हणून ठेवलेत.

१२ डिसेंबर

तळाशी नको असलेले छोटे घन उगवतात आणि मोठ्याला चिकटतात. तीन दिवसांनी एकदा मोठे उचलून, कोरड्या गाळणकागदावर टिपून, द्रावण गाळून, धुतलेल्या बीकरमध्ये परत. परत टाकताना द्रावण आणि स्फटिक एकाच तापमानाचे असू देत. बोटाने धरू नका. घामाचे ठसे उमटतात आणि पुढच्या थरातही दिसत राहतात.

२० डिसेंबर: युरिया

मुख्य घन वाढताहेत तोवर शेजारी एक बीकर युरियाचं. फ्रेंच खनिजतज्ज्ञ रोमे द लिल यांनी १७८३ मध्येच नोंदवलं होतं की द्रावणात मूत्र असेल तर मिठाचे घन न येता अष्टफलक, म्हणजे आठ बाजूंचे स्फटिक, येतात. आपण शेतीचा युरिया घेतला. २०१५ पासून तो कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेलाच मिळतो, त्यामुळे विरघळवल्यावर वर पिवळसर तवंग आणि वास येतो. कापसाच्या जाड बोळ्यातून दोनदा गाळलं.

१०० मिली संपृक्त द्रावणात १० ग्रॅमने काहीच फरक दिसला नाही. ३० ग्रॅमने घनाचे आठही कोपरे तिरके छाटलेले आले. पूर्ण अष्टफलक मोजकेच, तेही मिलिमीटरभर.

हा प्रयोग फक्त गंमत म्हणून धरू नये. रचनेबद्दल सगळ्यात जास्त हाच सांगतो. घनाची बाजू घ्या: तिच्यावर सोडियम आणि क्लोराइड एकाआड एक, दोन्ही सारखेच, बाजू एकंदरीत उदासीन. कोपरा छाटून जी तिरकी बाजू तयार होते तिच्यात मात्र एका थरात सगळे सोडियम, पुढच्या थरात सगळे क्लोराइड. असा एकाच भाराचा उघडा थर नुसत्या मिठाच्या द्रावणात टिकत नाही, म्हणून नेहमी घन मिळतात. युरियाचा रेणू ध्रुवीय आहे, म्हणजे त्याचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असतं. तो त्या भारित थराला चिकटून त्याला आधार देतो, मग ती बाजू टिकते. प्रतिरूप करताना हे दोन्ही थर दिसतील अशी रंगाची सोय ठेवायची आहे.

३ जानेवारी: घन काढले

सर्वांत मोठा १२ मिलिमीटर कडेचा, ३.७ ग्रॅम. खाली ठेवलेल्या छापील कागदावरची अक्षरं त्यातून वाचता येतात. बाकीचे ५ ते ८ मिलिमीटरचे. हिशेब फळ्यावर मांडायला सोपा आहे: शेजारच्या सोडियम आणि क्लोराइडच्या केंद्रांतलं अंतर २८२ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा अब्जावा भाग), म्हणजे एका मिलिमीटरच्या कडेवर सुमारे ३५ लाख आयन ओळीने उभे.

५ जानेवारी: फोडणे

पेपर कटरचं नवं पातं घनाच्या बाजूला अगदी समांतर ठेवून, वर छोट्या हातोडीची हलकी टिचकी. घन आरशासारख्या सपाट बाजूने दुभंगतो, तुकडे पुन्हा चौकोनीच. पातं कर्णाच्या दिशेने ४५ अंशांत ठेवलं तर नुसता चुरा होतो किंवा तडा वाट बदलून परत बाजूला समांतर जातो. डोळ्यांना चष्मा हवा. पातं दाबायचं नाही, टिचकीच मारायची.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. पुस्तकात असं चित्र असतं: थर एका आयनाएवढा सरकला, समान भार समोरासमोर आले, प्रतिकर्षणाने स्फटिक तुटला. आयनिक पदार्थ ठिसूळ का, याचं पहिलं उत्तर म्हणून ठीक आहे. पण मिठाचे थर घसरतात तेव्हा ते कर्णाच्या दिशेने असे घसरतात की समान भार समोर येतच नाहीत. म्हणजे मिठाला थोडं वाकता येतं. स्फटिक तुटतो तो बहुतेकदा पृष्ठभागावरच्या सूक्ष्म तड्यांमुळे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ आब्राम योफे यांनी १९२४ मध्ये हे दाखवलं. त्यांचा प्रयोग शाळेत जमतो: फोडून काढलेली २ मिलिमीटर जाडीची काडी कोरडी वाकवली की कट्कन तुटते, कोमट पाण्यात बुडवून सावकाश वाकवली की वाकलेली राहते. पाणी वरचे तडे विरघळवून टाकतं. घाई केली तर काडी मधोमध विरघळून दोन तुकडे होतात, तेव्हा दहा-पंधरा सेकंदांत आटपा.

८ जानेवारी: घनता

पाण्यात मीठ विरघळतं, म्हणून रॉकेल. १० मिलीच्या मापनपात्रात ४ मिली रॉकेल घेऊन स्वच्छ घन टाकले, एकूण १०.४ ग्रॅम. पातळी ४.९ मिलीने चढली. घनता २.१२, पुस्तकी आकडा २.१६. घनांना चिकटलेले हवेचे बुडबुडे पात्र टिचकावून काढावे लागतात, नाहीतर २.० च्या खालीही जातं. दुधी नमुना २.०५ आला, आत कोंडलेल्या द्रावणामुळे.

यावरून आयनांमधलं अंतर काढता येतं. स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा छोटा ठोकळा म्हणजे एकक कोष्ठ. त्यात ४ सोडियम, ४ क्लोराइड. त्यांचं वजन ४ × ५८.४४ (एका मोल मिठाचं वजन, ग्रॅममध्ये) भागिले अ‍ॅव्होगाड्रो अंक. त्याला २.१२ ने भागून घनमूळ काढलं की कोष्ठाची कड ५६८ पिकोमीटर येते. खरी ५६४. मापनपात्र आणि रॉकेल वापरून एका टक्क्याच्या आत! घनमूळामुळे घनतेतली चूक एक तृतीयांश होते, त्याचा हा फायदा. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांनी मिठाची रचना उलगडली, तेव्हा अंतराचं माप मिळवायला असाच घनतेचा हिशेब लागला होता. कोष्ठात चारच का, हे मात्र घनतेतून कळत नाही. ते क्ष-किरणांनीच सांगितलं.

११ जानेवारी: वीज

स्थायुरूप मिठातून वीज वाहत नाही हे दाखवायला गेल्यावर मल्टिमीटरने काही लाख ओहम रोध दाखवला, म्हणजे वीज वाहत होती. नमुना होता दुकानातलं खडे मीठ, सकाळी नऊची वेळ. ती वीज खड्यावरच्या ओल्या पातळ थरातून जात होती. तव्यावर अर्धा तास भाजून, गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलबरोबर थंड केलं आणि काढल्या काढल्या मापलं: काटा हललाच नाही. कोकणात हा प्रयोग दुपारी आणि भाजलेल्या मिठावरच करा.

द्रावणाला ९ व्होल्टची बॅटरी लावली की वीज वाहते, पण मिनिटाभरात क्लोरीनचा वास येतो. खिडकी उघडी आणि बटण क्षणभरच.

वितळलेलं मीठ दाखवणं शाळेत शक्य नाही, ८०१ अंश लागतात. त्याजागी पोटॅशियम नायट्रेट, ३३४ अंश. जाड काचेच्या परीक्षानळीत ५ ग्रॅम, जुन्या शेगडीच्या कॉइलच्या दोन नायक्रोम तारा एकमेकींना न लावता, ६ व्होल्टची बॅटरी आणि टॉर्चचा दिवा. वितळलं की दिवा लागतो, गोठलं की विझतो. तेच आयन, तितकेच. फक्त आता जागा सोडून फिरू शकतात. इथे सेलमधल्या कार्बनच्या कांड्या वापरू नका आणि नळीत काडी, कागद, कोळसा काही पडू देऊ नका. तापलेलं नायट्रेट त्यांना भडकवतं. हा प्रयोग शिक्षकांनीच करायचा, वितळल्यावर आणखी तापवायचं नाही.

१८ जानेवारी: लाकडी प्रतिरूप

क्लोराइडची त्रिज्या १८१ पिकोमीटर, सोडियमची १०२. गुणोत्तर ०.५६. क्लोराइडला ५० मिलिमीटरचा गोळा धरला तर सोडियमला २८ चा. सावंतवाडीत लाकडी खेळणी करणाऱ्यांकडे आंब्याच्या लाकडाचे गोळे कातून घेतले: ५० चे १४, दर ३० रुपये, २८ चे १३, दर १८ रुपये. एकूण ६५४. लाखेचा रंग कातावरच चढवून मिळतो, मोठे हिरवे आणि छोटे पिवळे. थर्माकोलचे गोळे स्वस्त पडतात, पण तेलरंग किंवा थिनरवाला गोंद लागला की विरघळून खड्डे पडतात.

२२ जानेवारी

गोळ्यात आरपार तीन भोकं पाडून बांबूच्या काड्या ओवायची कल्पना चालत नाही. तिन्ही काड्या केंद्रातूनच जायला बघतात आणि दुसरी काडी पहिलीवर अडते. आरपार भोकंच नकोत. ३ मिलिमीटरच्या लाकडी खुंट्या, १७ मिलिमीटर लांब. मोठ्या गोळ्यात भोक १० मिलिमीटर खोल, छोट्यात ८. गोळे एकमेकांना टेकतात आणि खुंटी बाहेरून दिसत नाही. काडीचा ‘बंध’ दिसू नये हा मूळ हेतूही साधतो. ३ × ३ × ३ च्या मांडणीला ५४ खुंट्या, १०८ भोकं.

सहा दिशा काटकोनात येणं महत्त्वाचं. हाताने पाडलेली भोकं दोन-तीन अंशांनी चुकतात आणि तिसऱ्या थराला खुंट्या जुळत नाहीत. फळीला गोळा अर्धा बसेल असं गोल भोक पाडून साचा केला, गोळ्यावर आधी सहा खुणा कंपासने काढल्या, ड्रिल स्टँडला लावलं. खुणा करण्यात दोन संध्याकाळी गेल्या, पण जोडायला तासभर पुरला.

२९ जानेवारी

जोडलेल्या प्रतिरूपात मोठे १४, छोटे १३ दिसतात, आणि मुलं सूत्र विचारतात. कोपऱ्यावरचा गोळा आठ कोष्ठांत वाटला जातो, बाजूच्या मध्यावरचा दोघांत, कडेच्या मध्यावरचा चौघांत. मोठे: ८ चे अष्टमांश आणि ६ चे अर्धे, मिळून ४. छोटे: १२ चे चतुर्थांश आणि मधला एक, मिळून ४. हे पटवायला खडूने कापाच्या रेषा गोळ्यांवरच आखल्या.

वरचा थर चिकटवला नाही, त्याच्या खुंट्या काढता येतात. खुंट्या काढून तो एका घराने, ३९ मिलिमीटर सरकवला की मोठ्यावर मोठा येतो आणि अख्खा थर ११ मिलिमीटर वर उचलला जातो. पुस्तकातलं चित्र हातात येतं. त्याची मर्यादा ५ जानेवारीच्या नोंदीत आहे. कोपरा सुटा केला की खाली एकाच रंगाचा तिरका थर दिसतो, युरियावाली बाजू तीच.

सहाच शेजारी का? जास्तीचे आठ मोठे गोळे घेऊन एकमेकांना टेकतील अशी घनाकार मांडणी केली. मधल्या पोकळीत ३६.६ मिलिमीटरचा गोळा मावतो. २८ चा टाकला तर खुळखुळतो. सहा मोठ्यांमधल्या पोकळीत २०.७ चाच मावतो, म्हणून २८ चा त्यांना थोडं बाजूला सारतो आणि सहाही जणांना टेकून बसतो. सोडियमला तीच जागा सोयीची. सीझियम त्याहून बराच मोठा, म्हणून सीझियम क्लोराइडमध्ये आठ शेजारी. नुसत्या त्रिज्यांच्या या नियमाला अपवाद बरेच आहेत, पण या दोन क्षारांना तो लागू पडतो.

५ फेब्रुवारी: साठवण

जूनमध्ये आर्द्रता नव्वदीत जाते, उघड्यावर ठेवलेला घन दिवसांत गोल होऊन बसतो. दाखवायचे घन भाजायचे नाहीत, आत कोंडलेलं पाणी असेल तर फुटतात. दिव्याच्या खोक्यात दोन दिवस सुकवून, बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दिले. त्यातल्या द्रावकात मीठ विरघळत नाही. मग रबरी गॅस्केटच्या बरणीत निळ्या सिलिका जेलबरोबर. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत गरम करून परत भरायचं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघा.

लाकडी प्रतिरूप गणपतीनंतर उन्हात ठेवा. पावसाळ्यात खुंट्या फुगतात, तेव्हा वरचा थर ओढून काढू नका, गोळ्याचा टवका निघतो.

उरलेलं युरियाचं द्रावण वीसपट पाणी घालून माडाच्या आळ्यात ओतलं. माडाला मीठ चालतं, युरियाही. कॉस्टिक सोड्याचा गाळ मात्र तिथे नाही. तो आम्लाने उदासीन करून, भरपूर पाण्याबरोबर प्रयोगशाळेच्या मोरीत.